पोरींनो, गणित सोडू नका!

शहापूर-मुरबाडच्या शाळा-आश्रमशाळांतून आलेले शिक्षक, पालक आणि पुढच्या रांगांत बसलेल्या माझ्या लेकींनो,

डोळखांब, किन्हवली, टोकावडे, धसईहून पहाटेची एसटी गाठून आपण आलात, याचा मला अभिमान वाटतो. हा मुलूख भातसा-तानसाचे पाणी मुंबईला देतो. याच मुलखात, सिद्धगडावर, 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांनी देशासाठी प्राण दिले. देशसेवा आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. म्हणूनच यंदाच्या संमेलनाचा विषय आहे ‘मुली आणि सैन्यदले’.

कसारा घाट चढून गेलो की नाशिक फार लांब नाही. तिथल्या गांधीनगरच्या लष्करी वैमानिक प्रशिक्षण केंद्रात 25 मे 2022 रोजी कॅप्टन अभिलाषा बराक यांच्या गणवेशावर वैमानिकाचे पंख लागले. लष्कराच्या हवाई शाखेतल्या त्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक. त्या मूळच्या हरियाणाच्या, लष्करी अधिकाऱ्याची लेक. 2018 मध्ये त्या स्वतः अधिकारी झाल्या. हवाई शाखेसाठी अर्ज भरला, तेव्हा तिथे महिलांना फक्त जमिनीवरची कामे मिळत. तरीही वैमानिकासाठीच्या कल चाचण्या आपण उत्तीर्ण आहोत, अशी नोंद त्यांनी त्या अर्जात करून ठेवली. 2021 मध्ये लष्कराने महिलांना वैमानिक म्हणून घ्यायचे ठरवले आणि ती नोंद कामी आली. दार उघडण्याआधीच त्या तयार होत्या.

ही वाट आधीच्या मुलींनी पाडली. 2 सप्टेंबर 1994 रोजी हरिता कौर देओल यांनी हवाई दलाचे अ‍ॅव्हरो विमान एकटीने उडवले. तेव्हा त्या 22 वर्षांच्या होत्या. दोनच वर्षांनी विमान अपघातात त्यांना मरण आले. त्यांच्या मागून येणाऱ्या मुली थांबल्या नाहीत. 1999 मध्ये गुंजन सक्सेना आणि श्रीविद्या राजन यांनी कारगिलच्या डोंगरांत चीता हेलिकॉप्टर उडवले. 2018 मध्ये अवनी चतुर्वेदी यांनी मिग-21 एकटीने उडवले. याच जातीची विमाने नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यात बांधली गेली. आणि 2019 मध्ये नागपूरच्या अंतरा मेहता महाराष्ट्रातल्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक झाल्या.

आता खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दारही उघडले आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये आदेश दिला, 2022 मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि 30 मे 2025 रोजी 17 जणी तिथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. प्रवेश परीक्षेला मुलींना शुल्क नाही. पण हवाई दलात जायचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवेच. लेखी परीक्षेच्या 900 गुणांपैकी 300 गुण एकट्या गणिताचे आहेत.

आपल्या तालुक्यांतल्या मुली अडतात त्या इथे. दहावीचा निकाल लागतो, मोबाईलवर अकरावीचा अर्ज उघडतो, शाखेचा रकाना येतो. विज्ञानाचे कॉलेज लांब, जाण्या-येण्याचा खर्च मोठा, ‘मुलीला कशाला एवढे गणित?’ असे घरात कुणीतरी म्हणते आणि रकान्यात दुसरेच काही भरले जाते. त्या मुलीला कुणी नापास केलेले नसते. तिची परीक्षाच झालेली नसते. भात लावणीत दिवसभर चिखलात वाकून राबणाऱ्या मुलीची चिकाटी कमी पडणार नाही, याची मला खात्री आहे. तिला माहिती आणि पाठबळ मिळत नाही, आणि ती उणीव आपली, मोठ्यांची आहे.

म्हणून शिक्षकांना माझी हात जोडून विनंती आहे: आठवीपासूनच मुलींना या परीक्षांची माहिती द्या आणि गणिताचा जादा तास सुरू करा. पालकांनो, नाशिकमध्ये राज्य सरकारची मुलींसाठीची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था 2023 पासून सुरू आहे. दहावीनंतर तिथे प्रवेश मिळतो. तिची चौकशी आजच करा. आणि लेकींनो, शाखेचा तो रकाना तुम्ही स्वतःच्या हाताने भरा.

आजच्या सत्रांत वक्त्यांना मनमोकळेपणाने प्रश्न विचारा.