उपाशी नसलेला उपाशी उंदीर



लठ्ठपणाच्या परिषदेत अध्यक्षाने आकडेवारी सांगावी, अशी अपेक्षा असते. ती पुढचे वक्ते सांगतीलच. मी एका उंदराबद्दल बोलतो.

अमेरिकेतल्या मेन राज्यात बार हार्बरला जॅक्सन प्रयोगशाळा आहे. तिथे १९४९ साली नेहमीच्या पैदाशीत काही बेढब जाड पिल्ले निघाली. सतत खाणारी, सुस्त, पुढे वांझ राहणारी. आईबाप मात्र धडधाकट. म्हणजे दोष दोघांकडूनही आला, तरच दिसणारा. या जनुकाला 'ओबी' म्हणू लागले. पुढे त्याच प्रयोगशाळेत 'डीबी' नावाचा दुसरा वाण सापडला. तोही लठ्ठ, वर जबर मधुमेह.

शास्त्रज्ञ डग्लस कोलमन यांनी दोन-दोन उंदीर कुशीला कूस लावून शिवले, म्हणजे एकाचे रक्त दुसऱ्यात जाऊ लागले. ओबीला निरोगी उंदराशी जोडले, तेव्हा ओबीचे खाणे आटोक्यात आले. डीबीला निरोगी उंदराशी जोडले, तेव्हा निरोगी उंदराने अन्न टाकले आणि तो उपासमारीने मेला; डीबी ढिम्म. मग ओबी आणि डीबी एकमेकांना जोडले, तर ओबी खंगून गेला. कोलमन यांनी अर्थ लावला तो असा : रक्तातून 'आता पुरे' असा निरोप जातो. ओबीला तो तयार करता येत नाही, पण ऐकू येतो. डीबी तो भरमसाट पाठवतो, पण स्वतः बहिरा आहे. निरोप देणारा पदार्थ हाती नसताना काढलेला हा निष्कर्ष! त्या काळी भूक ही मनाच्या खात्यातली बाब समजली जाई, त्यामुळे तो अनेकांच्या गळी उतरला नाही.

१९९४ मध्ये रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने ओबी जनुक हुडकले. त्यातून बनणारे प्रथिन, लेप्टिन, चरबीच्या पेशीच तयार करतात. ज्या चरबीला आपण निव्वळ कोठार समजत होतो, ती मेंदूला शिल्लक कळवत होती. ओबी उंदराच्या अंगावर चरबीचे थर असतात, पण निरोपच जात नसल्याने त्याच्या मेंदूच्या लेखी तो उपाशी असतो. दुष्काळातला जीव करतो तेच तो करतो : मिळेल ते खातो, हालचाल आवरतो, प्रजनन थांबवतो.

माणसातला पुरावा १९९७ मध्ये केंब्रिजहून आला. मूळच्या पाकिस्तानी कुटुंबांतली दोन चुलत-मावस नात्यातली मुले. आठ वर्षांची मुलगी ८६ किलो, दोन वर्षांचा मुलगा २९ किलो. दोघांच्या लेप्टिनच्या जनुकात एकच अक्षर गळालेले. मुलीला लेप्टिनची इंजेक्शने सुरू झाली आणि वर्षभरात तिचे वजन १६ किलोंहून अधिक उतरले. तोवर तिला 'हावरी' म्हणणारे किती जण भेटले असतील, याची कल्पना आपल्यातल्या कुणालाही करता येईल.

मग औषध कंपन्या सरसावल्या. ॲमजेन कंपनीने लेप्टिनच्या परवान्यासाठी आधीच दोन कोटी डॉलर मोजले होते. निराशा झाली. सर्वसाधारण लठ्ठ माणसाच्या रक्तात लेप्टिन भरपूर असते. तो ओबीपेक्षा डीबीच्या जवळ आहे, तेही डीबीसारखे निरोप झेलणारे ग्राहक (रिसेप्टर) मोडलेले नसताना. उंदराच्या जनुकाने भुकेची यंत्रणा दाखवली, सगळ्यांच्या वजनावरचा इलाज मात्र दिला नाही. गंमत म्हणजे २०१४ साली अमेरिकेत लेप्टिनला मान्यता मिळाली, ती ज्यांच्या अंगावर चरबीच साठत नाही अशा रुग्णांसाठी. चरबी नाही म्हणून लेप्टिन नाही, आणि मेद यकृतात.

आपल्याकडचे चित्र आणखी वेगळे आहे. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी बारीक दिसणाऱ्या पण आतून मेदाळ भारतीय बाळांकडे जगाचे लक्ष वेधले. तिथे एका जनुकाचे बोट धरून फार लांब जाता येणार नाही. म्हणूनच थुंकीच्या नमुन्यावरून 'तुमचे लठ्ठपणाचे जनुक' सांगणारी पॅकेजे मला सवंग वाटतात.

तरीही एका ठिकाणी मात्र जनुक तपासायलाच हवे. जन्मताना वजन ठीक, मग पहिल्या वर्षातच झपाट्याने वाढ, न आवरणारी भूक, वरचेवर जंतुसंसर्ग, असे मूल आले तर आईला 'बिस्किटे बंद करा' सांगून पाठवू नका. मामाची मुलगी करण्याची रीत आपल्याकडे अनेक घरांत आहे. आईवडिलांचे लग्नाआधीचे नाते विचारा, वंशावळ केसपेपरवर काढा आणि रक्तातले लेप्टिन मोजायला पाठवा.