उंबरठ्यावर उभे राष्ट्र

मदर तेरेसांचे नाव ऐकले नाही असा मनुष्य आपल्याकडे सापडावयाचा नाही. पण कलकत्त्याच्या ह्या माउलीचा जन्म कुठला, असे विचारले तर पुष्कळांना क्षणभर थांबावे लागेल. स्कोप्ये ह्या शहरी, २६ ऑगस्ट १९१० रोजी, एका अल्बानियन कुटुंबात त्या जन्मल्या. त्या वेळी तेथे तुर्की सुलतानाचा अंमल होता.

आता अशी कल्पना करा, की त्याच साली, त्याच गल्लीत जन्मलेली एक मुलगी जन्मभर तेथेच राहिली. गाव सोडून ती कधी कुठे गेली नाही. तरीसुद्धा १९१२ साली तिच्या दारावरून सर्बियाचे सैन्य गेले. पहिल्या महायुद्धात बल्गेरियाचे आले. १९१८ नंतर ती नव्या दक्षिण-स्लाव्ह राज्याची, म्हणजे पुढच्या यूगोस्लाव्हियाची, प्रजा झाली. १९४१ साली पुन्हा बल्गेरियाचा अंमल आला. युद्धानंतर ती टिटोंच्या समाजवादी यूगोस्लाव्हियाची नागरिक झाली. १९६३ च्या जुलैत मोठा भूकंप होऊन शहर जमीनदोस्त झाले, हजारावर माणसे दगावली. जुन्या रेल्वे स्टेशनवरचे घड्याळ पाच वाजून सतरा मिनिटांवर थांबले, ते तसेच जपून ठेवले आहे. पुढे १९९१ साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, ही बाई स्वतंत्र मॅसिडोनियाची नागरिक झाली. आणि तिची पतवंडे २०१९ पासून ‘उत्तर मॅसिडोनिया’ ह्या देशाची नागरिक आहेत. गल्ली तीच, माणसे तीच. बदलत गेली ती दारावरची पाटी.

ही शेवटची पाटी मात्र कुणा परक्या सैन्याने बदलली नाही. ती त्या लोकांनी स्वतःच्या हाताने, स्वतःच्या संसदेत मते मोजून बदलली. कशासाठी बदलली, आणि बदलून त्यांच्या पदरात काय पडले, हे आज आपल्याला पाहावयाचे आहे.

देश अगदी लहान. क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस किलोमीटर. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या दीडपट म्हणा ना! २०२१ च्या शिरगणतीत लोकसंख्या भरली १८ लाख ३६ हजार. त्यांत शेकडा ५८ मॅसिडोनियन, म्हणजे स्लाव्ह भाषा बोलणारे व बहुतेक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती. शेकडा २४ अल्बानियन, ते बहुतेक मुसलमान. शिवाय तुर्क, रोमा, सर्ब असे इतर. समुद्र नाही. भोवताली सर्बिया, कोसोव्हो, अल्बानिया, ग्रीस आणि बल्गेरिया असे पाच शेजारी. शेजारी निवडता येत नाहीत हे आपण घरगुती अनुभवाने जाणतोच. राष्ट्रांचेही तेच आहे.

८ सप्टेंबर १९९१ रोजी जनमत घेऊन हा देश यूगोस्लाव्हियातून बाहेर पडला. त्याच सुमारास क्रोएशियात रणकंदन चालले होते आणि पुढच्या वर्षी बॉस्नियात रक्ताचे पाट वाहावयाचे होते. मॅसिडोनिया मात्र गोळी न झाडता स्वतंत्र झाला. पहिले अध्यक्ष किरो ग्लिगोरोव्ह हे मुरलेले गृहस्थ. त्यांनी यूगोस्लाव्ह सैन्याला वाटाघाटींनी वाट करून दिली.

परंतु तंटा आला तो भलत्याच दिशेने. दक्षिणेकडचा ग्रीस म्हणाला, “मॅसिडोनिया हे नाव आमचे. अलेक्झांडर आमचा. आमच्या उत्तरेकडच्या प्रांताचे नावच मॅसिडोनिया आहे. तेच नाव शेजारच्या देशाने घ्यावे, म्हणजे उद्या त्याने आमच्या प्रांतावर हक्क सांगावा!” बाहेरच्याला हे हास्यास्पद वाटेल. पण ह्या भागात दोन बाल्कन युद्धे, दोन महायुद्धे आणि ग्रीसमधील यादवी होऊन गेली आहे. सरहद्द हा तेथे नकाशावरच्या शाईचा विषय नव्हे, घरातल्या मृतांचा विषय आहे. ग्रीकांची भीती सर्वस्वी खोटी नव्हती. ती प्रमाणाबाहेर होती, इतकेच.

परिणाम असा झाला, की १९९३ साली ह्या देशाला संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला तो ‘भूतपूर्व यूगोस्लाव्ह प्रजासत्ताक मॅसिडोनिया’ अशा लांबलचक तात्पुरत्या नावाने. १९९४ साली ग्रीसने व्यापार बंद केला. ज्याला समुद्र नाही त्याला सालोनिकाचे बंदर बंद झाले, म्हणजे नाकच दाबले म्हणायचे! १९९५ साली तात्पुरता करार झाला. मॅसिडोनियाने झेंड्यावरचा सूर्य बदलला आणि ग्रीसने नाकेबंदी उठविली. नावाचा प्रश्न तसाच राहिला.

श्रोतेहो, नाव ही बाहेरची अडचण झाली. घरातली अडचण निराळीच होती. अल्बानियन लोकांची तक्रार होती, की देश आमचाही आहे, पण कचेरीत, पोलिसांत, विद्यापीठात आम्हांला जागा नाही. २००१ साली ह्या असंतोषाने बंडाचे रूप घेतले. काही महिने डोंगरी गावांत लढाई झाली. दुसरे बॉस्निया होते की काय अशी धास्ती होती. परंतु १३ ऑगस्ट २००१ रोजी ओह्रिडचा करार झाला, आणि माझ्या मते ह्या देशाची खरी लोकशाही त्या दिवशी सुरू झाली.

त्यात केले काय? देशाची वाटणी केली नाही, सत्तेची केली. जेथे एखाद्या समाजाची वस्ती शेकडा वीस किंवा अधिक आहे तेथे त्याची भाषा सरकारी कामात आली. नोकऱ्यांत योग्य वाटा ठरला. आणि एक शहाणपणाची युक्ती काढली : भाषा, शिक्षण, संस्कृती अशा विषयांवरच्या कायद्याला नुसते बहुमत पुरणार नाही, अल्पसंख्य समाजांच्या प्रतिनिधींतही निम्म्याहून अधिक मते पडली पाहिजेत. संख्येच्या जोरावर धाकट्या भावाचे तोंड बंद करावयाचे नाही, असा हा नियम. त्याचे फळ पाहा. तलात जाफेरी नावाचे गृहस्थ २००१ साली बंडखोरांचे एक सेनानी होते. २०१७ साली ते त्याच देशाच्या संसदेचे सभापती झाले आणि २०२४ च्या आरंभी, निवडणुकीपूर्वीच्या काळजीवाहू सरकारचे पंतप्रधान. अल्बानियन मनुष्य त्या पदावर प्रथमच बसला, आणि आकाश काही कोसळले नाही.

ह्या साऱ्या सुधारणांमागे एक आमिष होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. युरोपीय संघाचे सभासदत्व हे ते आमिष. संघात गेले म्हणजे मोठी बाजारपेठ, रस्त्यांना-शाळांना पैसा, कुठेही जाऊन काम करण्याची मोकळीक. एकाच यूगोस्लाव्ह घरातली स्लोव्हेनिया ही बहीण २००४ साली आत गेली, क्रोएशिया २०१३ साली. मग आपणच का मागे?

अर्ज देण्याच्या दिवशीच दैव आडवे आले. २६ फेब्रुवारी २००४ रोजी पंतप्रधान डब्लिनला अर्ज घेऊन गेले होते, आणि त्याच दिवशी अध्यक्ष बोरिस त्रायकोव्हस्की यांचे विमान बॉस्नियातील डोंगरावर कोसळून ते मृत्यू पावले. पंतप्रधान अर्ज न देताच परतले. पुढच्या महिन्यात तो दिला गेला. डिसेंबर २००५ मध्ये ‘उमेदवार’ म्हणून मान्यता मिळाली. २००९ साली युरोपीय आयोगाने सांगितले, की आता वाटाघाटी सुरू कराव्यात. पण संघात एका सभासदाने ‘नाही’ म्हटले तरी गाडी अडते. ग्रीसने ‘नाही’ म्हटले. २००८ साली नाटोच्या बुखारेस्टच्या बैठकीतही त्याने तेच केले होते. २०११ साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ग्रीसने करारभंग केल्याचा निर्णय दिला. निर्णय मिळाला, प्रवेश नाही.

आणि येथेच एक मोठा धडा आहे. दाराबाहेर ताटकळत ठेवलेल्या राष्ट्राचे काय होते? त्याचे डोके फिरते. २००६ पासून सत्तेवर असलेल्या निकोला ग्रुएव्हस्की यांच्या सरकारने ‘युरोप नको तर नको, आमचा अलेक्झांडर आम्हांला पुरे’ अशा थाटात विमानतळाला अलेक्झांडरचे नाव दिले. राजधानीच्या चौकात प्रचंड अश्वारूढ पुतळा उभारला आणि शहर पुतळ्यांनी भरून टाकले. पुतळे उभे राहत होते तेव्हा आत लोकशाही पोखरली जात होती. २०१५ साली विरोधी पक्षाचे पुढारी झोरान झाएव्ह यांनी ध्वनिमुद्रणे लोकांपुढे ठेवली. सुमारे वीस हजार लोकांचे टेलिफोन चोरून ऐकले जात असल्याचा त्यांचा आरोप होता. वृत्तपत्रकार, न्यायाधीश, एवढेच काय, सरकारचे मंत्रीसुद्धा त्यांतून सुटले नव्हते! लोक रस्त्यावर आले. २७ एप्रिल २०१७ रोजी तर जमाव संसदेत घुसला आणि झाएव्ह यांचे डोके फुटले. महिन्याभराने तेच पंतप्रधान झाले. ग्रुएव्हस्की यांना पुढे शिक्षा झाली. ते २०१८ साली हंगेरीस पळाले.

झाएव्ह यांनी ठरविले, की नावाचा गुंता एकदाचा सोडवायचा. १७ जून २०१८ रोजी प्रेस्पा तळ्याच्या काठी, ग्रीक हद्दीतल्या एका कोळ्यांच्या खेड्यात, ग्रीक पंतप्रधान अलेक्सिस त्सिप्रास यांच्या उपस्थितीत करार झाला. देशाचे नाव ‘उत्तर मॅसिडोनिया’. भाषा मात्र ‘मॅसिडोनियन’च. दोन्ही देशांत ओरड झाली. दोघांनाही आपापल्या घरी देशद्रोही म्हणून घ्यावे लागले. सप्टेंबरात सल्लामसलतीचे जनमत घेतले. मतदान करणाऱ्यांत शेकडा नव्वदावर लोक अनुकूल, पण मतदानाला आले शेकडा ३७ च. बाकीच्यांनी घरी बसून आपले मत दिले असेच म्हणावे लागेल. जानेवारी २०१९ मध्ये १२० पैकी ८१ मतांनी, म्हणजे दोन-तृतीयांशाला केवळ एक मत अधिक मिळून, घटनादुरुस्ती मंजूर झाली. मार्च २०२० मध्ये देश नाटोचा तिसावा सभासद झाला.

आणि युरोपीय संघ? ऑक्टोबर २०१९ मध्ये फ्रान्सने ‘नाही’ म्हटले. आधी संघाची प्रवेशपद्धती सुधारू या, म्हणाला. ते निस्तरते न निस्तरते तोच नोव्हेंबर २०२० मध्ये बल्गेरियाने हात वर केला. त्याचे म्हणणे, मॅसिडोनियन भाषा ही बल्गेरियनचीच बोली. १९०३ साली तुर्कांशी लढताना पडलेला क्रांतिवीर गोत्से देल्चेव्ह आमचा. स्कोप्येत त्याच्या अस्थी आहेत आणि मॅसिडोनियन लोक त्याला आपला म्हणतात. खरे पाहता तो दोघांचाही असू शकतो. दिव्याचा उजेड दोन घरांत पडला तर तेल काही कमी होत नाही! पण राजकारणाला हे पटत नाही.

२०२२ साली फ्रान्सने तडजोड सुचविली. घटनेत बल्गेरियन लोकांचा उल्लेख करा, मग पुढचे पाऊल. १९ जुलै २०२२ रोजी बोलण्यांचा औपचारिक आरंभ झाला, पण त्या दुरुस्तीला लागणारी दोन-तृतीयांश मते जमली नाहीत. २०२४ च्या मे महिन्यात लोकांनी सरकार बदलले. गोर्दाना सिल्यानोव्हस्का-दाव्कोव्हा ह्या पहिल्या महिला अध्यक्षा निवडून आल्या. नवे पंतप्रधान ह्रिस्तियान मित्सकोस्की म्हणाले, की आधी हमी द्या, मग दुरुस्ती. आणखी किती वेळा वाकायचे? तोवर बरोबरीने चालणारा अल्बानिया ऑक्टोबर २०२४ मध्ये एकटाच पुढे गेला. २०२५ सालभरातही ती दुरुस्ती झाली नाही.

आता कुणी म्हणेल, मग झेंडा बदलला, नाव बदलले, हे सारे फुकटच गेले! मला तसे वाटत नाही. पण नुसते दिलासे देण्याचीही माझी तयारी नाही. वचन देणाऱ्याने ते पाळले नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. ‘अमुक करा म्हणजे दार उघडू’ असे सांगून ते केल्यावर दुसरी अट पुढे करणे, ह्याने सुधारणा करू पाहणाराच स्वतःच्या लोकांत खोटा पडतो आणि पुतळे उभारणाऱ्याचे फावते. २००२ ते २०२१ ह्या दोन शिरगणतींच्या दरम्यान ह्या देशाची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजारांनी घटली. राष्ट्र आत जाईना, तेव्हा तरुण माणसे एकेकटी आत गेली!

पण दुसरी बाजूही आहे. १६ मार्च २०२५ च्या पहाटे कोचानी ह्या गावी एका नाचगाण्याच्या क्लबला आग लागली आणि साठाहून अधिक माणसे, बहुतेक तरुण मुले, प्राणांस मुकली. क्लबचा परवाना कायदेशीर नव्हता आणि त्यामागे लाच असल्याचा संशय आहे, असे गृहमंत्र्यांनीच सांगितले. श्रोतेहो, परवाने तपासणारा अधिकारी प्रामाणिक असावा, न्यायाधीश विकत मिळू नये, ह्या अटी ब्रुसेल्सने घातल्या आहेत खऱ्या. परंतु त्या ब्रुसेल्ससाठी नाहीत. त्या कोचानीतल्या आईबापांसाठी आहेत. कोणत्याही शेजाऱ्याच्या नकाराने त्या थांबत नाहीत, आणि कोणत्याही शेजाऱ्याच्या होकाराने त्या आपोआप पुऱ्याही होत नाहीत. ओह्रिडच्या कराराने जे मिळाले ते कुणाच्या दारात उभे राहून मिळालेले नाही. ते घरात भावाभावांनी बसून मिळविले. म्हणूनच ते टिकले.

राष्ट्राने पाहुणा म्हणून उंबरठ्यावर किती काळ उभे राहावे, हे घरमालक ठरवितो. पण उभे असताना आपले घर झाडून स्वच्छ ठेवायचे की नाही, हे ज्याचे त्यानेच ठरवावयाचे असते. स्कोप्येच्या त्या गल्लीतल्या पतवंडांना पुन्हा पाटी बदलावी लागू नये, आणि बदललीच तर ती त्यांच्या मनाने बदलावी, एवढी सदिच्छा व्यक्त करून मी आपला निरोप घेतो.