पळणारीचा गुण

(आकाशवाणीवर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



19 जानेवारी 2025 रोजी नवी दिल्लीतल्या इंदिरा गांधी स्टेडियमवर खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाचा महिलांचा अंतिम सामना झाला. भारताने नेपाळला 78-40 असे हरवले. आपल्या मुलींची कर्णधार होती प्रियांका इंगळे. ती खेळली-वाढली पुण्याकडे, पण मूळची आपल्या बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. त्या रात्री केजपासून परळीपर्यंत पेढे वाटले गेले असतील तर नवल नाही. पण आज मला त्या 78 गुणांपैकी फक्त सहा गुणांविषयी बोलायचे आहे.

उरलेले 72 गुण आपल्या मुलींनी पाठलाग करून, गडी बाद करून मिळवले. एका गड्याला दोन गुण. पहिल्या डावात 34 आणि तिसऱ्या डावात 38. हे सहा गुण मात्र कोणालाही हात न लावता मिळाले. दुसऱ्या डावात एक आणि चौथ्या डावात पाच. त्या वेळी पाठलाग नेपाळचा होता आणि आपल्या मुली नुसत्या पळत होत्या. म्हणजे पळणाऱ्यांनी गुण केले!

ज्यांनी शाळेत, गावच्या मैदानावर खो-खो खेळलेला आहे त्यांना हे ऐकून थोडे चमकल्यासारखे होईल. आपल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या खो-खोत पळणाऱ्याला गुण नसतो. गुण मारणाऱ्याला. पळणारा चार मिनिटे टिकला काय आणि चाळीस सेकंद टिकला काय, त्याच्या संघाच्या खात्यात शून्य. विश्वचषकाच्या नियमांत मात्र तिघांच्या एका तुकडीने तीन मिनिटे काढली की एक गुण, आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या मिनिटाला आणखी एक. याला तिथे ‘ड्रीम रन’ म्हणतात. चौथ्या डावात कर्नाटकच्या चैत्रा बी हिच्या तुकडीने सात मिनिटांपैकी 5 मिनिटे 14 सेकंद खेळून काढली. आता बोटांवर मोजा. तीन मिनिटांचा एक, साडेतीनचा दुसरा, चारचा तिसरा, साडेचारचा चौथा, पाचचा पाचवा. 73 चे 78 झाले ते असे. आणि अंतिम सामन्यातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरव झाला तोही चैत्राचाच.

सामना त्या पाच गुणांवर जिंकला असे मी म्हणणार नाही. तिसरा डाव संपला तेव्हाच 73-24 होते, नेपाळच्या हातून सामना गेलेला होता. पण बचाव करणाऱ्याच्या नावापुढे गुणफलकावर आकडा चढला, ही आपल्या मातीतल्या खेळाच्या दृष्टीने मोठी गोष्ट आहे. ती का, ते जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेत फुटबॉल म्हणून जो खेळ खेळतात तो आपला फुटबॉल नव्हे. तिथे चेंडू हातात घेऊन धावायचे, समोरच्यांनी आडवे पाडायचे. ज्यांच्याकडे चेंडू ते चढाई करणार, बाकीचे अकरा जण अडवणार. पलीकडच्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन, त्याचे सहा गुण. पण कधी कधी अडवणाराच मध्ये झेप घेऊन फेकलेला चेंडू पकडतो आणि उलट दिशेला धावत सुटतो. त्याने समोरचा पट्टा गाठला तर त्यालाही तेच सहा गुण. 2009 सालच्या सुपर बोलमध्ये पिट्सबर्गच्या जेम्स हॅरिसन नावाच्या आडदांड बचावपटूने आपल्या टोकापासून शंभर यार्ड धावत जाऊन असे सहा गुण केले. पिट्सबर्गने तो सामना 27-23 असा जिंकला. फरक चारच गुणांचा, म्हणजे हिशेब उघड आहे. तिकडची कॉलेजेसुद्धा आपल्या संघाच्या बचावफळीने आजवर असे किती टचडाउन केले याची यादी सालवार जपून ठेवतात. अमक्या साली, तमक्या संघाविरुद्ध, इतके यार्ड. आपल्याकडच्या कॉलेजांनी कोणत्या यादीसाठी एवढी वही घातली असेल, हे तुम्हीच आठवून पाहा.

आपल्याकडे बचावाला मान नाही असे मात्र नाही. कबड्डी घ्या. चढाई करणारा जसा गुण मिळवतो तसा त्याची पकड करणाराही मिळवतो. हे पहिल्यापासून आहे. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली तेव्हा त्यात ‘सुपर टॅकल’ आली. मैदानात तीन किंवा कमी गडी उरले असताना चढाईपटूला पकडले तर एकाऐवजी दोन गुण. लोण चढायच्या बेतात असलेला संघ त्यामुळे सामन्यात परत येऊ शकतो. यू मुंबाकडून आणि पुणेरी पलटणकडून खेळलेला इराणचा फजल अत्राचली याने 2024 च्या हंगामात पकडींचे 500 गुण पूर्ण केले, तिथवर आधी कोणीच पोहोचले नव्हते. एका बचावपटूला बघायला लोक तिकीट काढून जातात, हे कबड्डीने करून दाखवले.

खो-खोचे तसे झाले नाही. याला एक कारण खेळाच्या घडणीतच आहे. पाठलाग करणाऱ्यावर बंधने फार. मधली पाटी ओलांडायची नाही, एकदा दिशा धरली की खांबापर्यंत मागे वळायचे नाही, दुसऱ्या बाजूला जायचे तर बसलेल्या गड्याला पाठीमागून खो द्यायचा. पळणाऱ्यावर यातले एकही बंधन नाही. तो कुठेही वळू शकतो. म्हणून आपल्या जुन्या लोकांना वाटले असावे की मोकळ्या माणसाला आणखी गुण कशाला? ही समजूत अगदीच चुकीची होती असे नाही. पण एक मोकळा आणि त्याच्यामागे नऊ जण, हेही खरेच की.

आता त्या मोकळ्या गड्याचे काम बघा. साखळी म्हणतात तिला. एकेरी साखळीत पळणारी बसलेल्या प्रत्येक मुलीला वळसा घालत, एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने, विणकाम केल्यासारखी जाते. दुहेरीत दोघींना मिळून एक वळसा. पाय टाकायचा तो पाठलाग करणारीच्या पायाकडे बघून नाही, खांद्याकडे बघून. खांदा कोणीकडे झुकला त्यावरून खो पुढे जाणार की ती स्वतःच येणार, हे ओळखायचे. हुलकावणी द्यायची तर ती खांबाजवळ नाही, कारण तिथे समोरची अंग झोकून सूर मारते. आणि तीन मिनिटे हे करायचे म्हणजे दम राखून करायचे. पहिल्या मिनिटाला जी सगळा वेग खर्च करते ती दुसऱ्या मिनिटाला सापडते. मी या खेळात बरीच वर्षे शिट्टी फुंकली आहे. मला विचाराल तर मारणारी मुलगी सहा महिन्यांत तयार होते, पळणारी व्हायला तीन वर्षे लागतात.

गुण नसला तरी पळणारीची किंमत आकड्यात काढता येते, आणि प्रत्येक क्रीडाशिक्षकाने ती एकदा तरी फळ्यावर काढून दाखवावी. जुन्या पद्धतीचा मोठ्या गटाचा डाव नऊ मिनिटांचा. समजा तिघींची तुकडी सरासरी दीड मिनिटात बाद होते. म्हणजे नऊ मिनिटांत सहा तुकड्या, अठरा गडी, समोरच्यांना अठरा गुण. आता यांतली एकच तुकडी दीडऐवजी साडेतीन मिनिटे टिकली. उरली साडेपाच मिनिटे. त्या वेळात साधारण अकरा गडी जातील. ते अकरा आणि हे तीन, चौदा. एका तुकडीने चार गुण वाचवले! अटीतटीचे सामने एका-दोन गुणांनी सुटतात, तिथे चार गुण म्हणजे विजय. म्हणून जाणती कर्णधार आपल्या सर्वांत चिवट पळणाऱ्या पहिल्या तुकडीत ठेवते. नऊही जणी बाद झाल्या तर तीच तुकडी पुन्हा मैदानात येते, हा त्यातला दुसरा हिशेब.

हे वाचवलेले गुण कुठेच दिसत नाहीत. दिसते ती फक्त वेळ, गुणपत्रिकेवरच्या एका बारीक रकान्यात. तुम्ही वर्तमानपत्रात वाचले असेल, नावापुढे कंसात ‘2.40 मि. संरक्षण व 3 गडी’. हा ‘2.40’ म्हणजे आपल्या बचावाचा इतिहास. राज्य स्पर्धेची बातमी असली की तो छापून येतो. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या स्पर्धेत गुणपत्रिका सामना संपल्यावर कुठे जाते, ते त्या मैदानालाच ठाऊक.

यात एवढे काय, असे तुम्ही म्हणाल. तर आपल्या जिल्ह्याकडे बघा. दसरा-दिवाळी झाली की बीडमधली हजारो कुटुंबे कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. परत येतात ती उन्हाळा लागताना. शालेय स्पर्धांचा हंगाम नेमका पावसाळ्यात सुरू होतो आणि वरच्या फेऱ्या दिवाळीच्या मागेपुढे येतात. तालुका जिंकणारा संघ विभागाला जाईतो त्यातल्या दोन मुली गाडीत बसून गेलेल्या असतात. हंगामी वसतिगृहे आहेत, आजी-आजोबांकडे मागे ठेवण्याची सोय काही घरांत आहे. पण मुलीला मागे ठेवायचे तर बापाला कारण लागते. तिच्यात काही आहे, हे त्याला दिसावे लागते.

एका मुलीची गोष्ट सांगतो, नाव-गाव राहू द्या. जिल्हा निवडीच्या सामन्यात ती दोन्ही डावांत मिळून पाच मिनिटांवर टिकली. मारले मात्र कोणालाच नाही. निवड करणाऱ्यांपैकी एकाने विचारले, गडी किती मारले? शून्य, असे उत्तर गेले आणि पुढचे नाव पुकारले. गुणपत्रिका तिथेच टेबलावर होती, रकाना भरलेला होता. तो वाचायची कोणाला सवय नव्हती. दिवाळीनंतर मुलगी आईबापांबरोबर फडावर गेली. तिच्या वडिलांना मी काय सांगणार होतो? खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के जागा राखीव आहेत, हे सांगितले असते तर त्यांनी कागद मागितला असता. संघात नाव नाही म्हणजे कागद नाही.

उलट टोकाचे उदाहरणही आपल्या शिवेवरच आहे. केजच्या पलीकडे मांजरा ओलांडली की धाराशिव जिल्हा लागतो. तिथली सारिका काळे. 2016 साली गुवाहाटीला दक्षिण आशियाई स्पर्धा झाल्या, त्यात सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाची ती कर्णधार. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, खो-खोला तो बावीस वर्षांनी मिळाला होता. पुढे ती तुळजापूरला क्रीडा अधिकारी झाली. धाराशिव आणि बीड या दोन्ही जिल्ह्यांची महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या एकाच छत्राखाली येतात. आपल्या कॉलेजच्या मुली ज्या संघांतून आणि ज्यांच्याविरुद्ध खेळतात, त्या मुलींसमोर ही माणसे हाडामांसाची उभी आहेत.

‘ड्रीम रन’वर आक्षेप घेणारे लोक आहेत आणि त्यांचे मी ऐकून घेतो. ते म्हणतात, सात मिनिटांचे डाव, मॅट, दिवे, हा दूरदर्शनसाठी कापून-शिवून बेतलेला खेळ आहे. मातीवरचा नऊ मिनिटांचा खो-खो वेगळा. बचावाला गुण दिले तर मुली धोका पत्करणार नाहीत, नुसता वेळ काढतील, अशीही भीती आहे. पहिले म्हणणे मला बरेचसे मान्य आहे. दुसरे पटत नाही. पाठीमागे अख्खा संघ लागलेला असताना तीन मिनिटे ‘नुसता वेळ’ काढता येतो, असे ज्याला वाटते त्याने एकदा मैदानात उतरावे. गुडघे शाबूत असतील तर.

शाळा-महाविद्यालयांच्या मैदानावर खेळ जुन्याच पद्धतीने चालतो, आणि तो एकदम बदलावा असा माझा आग्रहही नाही. पण एक गोष्ट पैसा न लावता होण्यासारखी आहे. सामना संपल्यावर ध्वनिक्षेपकावरून गुण सांगतात, त्याबरोबर दोन्ही संघांतली सर्वांत जास्त वेळ टिकलेली मुलगी कोण आणि तिची वेळ किती, हे वाचून दाखवावे. निवडीच्या तक्त्यात गड्यांच्या रकान्याला लागून वेळेचा रकाना ठेवावा. आणि प्रत्येक कॉलेजने एक साधी वही घालावी. साल, सामना, मुलीचे नाव, मिनिटे, सेकंद. जुन्या गुणपत्रिका कपाटात असतील तर मागची वीस-पंचवीस वर्षे सहज भरून निघतील. पहिल्या पानावर कोणाचे नाव येते, ते मला तरी बघायचे आहे. ज्यांच्याकडे अशा गुणपत्रिका आहेत त्यांनी त्या रद्दीत घालू नयेत, दिवाळीच्या साफसफाईत तर मुळीच नाही.