ग्रीस बाहेर दिसलं म्हणजे आत गेलं असं नाही : मिनी ट्रॅक्टरचं ग्रीसिंग

(या भागाचा लिखित मजकूर. ऐकताना ज्यांना नोंद करता आली नाही त्यांच्यासाठी. बोलणं जवळपास जसंच्या तसं ठेवलंय.)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांचे व्हॉइस मेसेज आले, आणि त्यात एकच प्रश्न फिरून फिरून होता : "दादा, आमच्या मिनी ट्रॅक्टरला कुठलं ग्रीस टाकू? दुकानदार म्हणतो हिरवं घे, मिस्त्री म्हणतो निळं घे." तर आज तेच. ग्रीस कुठलं घ्यायचं, कुठे मारायचं, किती मारायचं. विषय साधा वाटतो. मलाही वाटायचा.

आधी मला हा विषय कसा कळला ते सांगतो, कारण ते शिकणं महागात पडलं.

आमची द्राक्षबाग. नऊ फुटी ओळी, त्यात मोठा ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून मिनी ट्रॅक्टर आणि त्यामागे ब्लोअर. गोडी छाटणी झालेली, माल दोडा अवस्थेत. ज्यांची बाग आहे त्यांना पुढचं सांगायला नको. या वेळेला पाऊस आला की डाऊनी थेट घडावर येतो, आणि फवारणीला उशीर म्हणजे उशीरच. तो नंतर भरून निघत नाही. रात्रभर पाऊस झाला. पहाटे पाचला आम्ही औषध कालवून बागेत. तिसऱ्या ओळीत मागून 'खट्' आवाज आला आणि ब्लोअर बंद. पीटीओ शाफ्टचा क्रॉस तुटलेला.

नाना, म्हणजे माझे वडील, खाली उतरले आणि एवढंच म्हणाले, "ग्रीस मारलं होतंस ना रे?"

मी म्हटलं, "मारलं होतं नाना. चार दिवसांपूर्वीच."

आणि ते खरं होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांना ते पटलं नव्हतं. क्रॉस मिळून शाफ्ट बसेपर्यंत दुपार झाली, आणि दुपारी पुन्हा पाऊस. बागेच्या खालच्या कोपऱ्यातले बरेच घड त्या वर्षी गेले.

जुना क्रॉस मिस्त्रीने फडक्यावर उघडून दाखवला. क्रॉसला चार टोप्या असतात, प्रत्येकीत बारीक सुयांसारख्या बेअरिंग. तीन टोप्यांत ग्रीस होतं. चौथीत थेंबभरसुद्धा नव्हतं, फक्त लाल भुकटी. गंजलेल्या लोखंडाची. निप्पल एकच, मधोमध. तिथून चार बारीक वाटा चार टोप्यांकडे जातात. चौथी वाट जुन्या, वाळून कडक झालेल्या ग्रीसने बंद झाली होती. मी पंप मारत होतो, बाजूने ग्रीस बाहेर येत होतं, आणि मी समजत होतो काम झालं. ते बाकीच्या तीन टोप्यांतून येत होतं.

आजच्या भागातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : क्रॉसला ग्रीस मारताना चारही टोप्यांच्या कडेतून नवीन ग्रीस डोकावलं पाहिजे. एखादीतून येत नसेल तर शाफ्ट थोडा फिरवा, त्या टोपीच्या बाजूने हलवा, पुन्हा पंप मारा. तरीही येत नसेल तर क्रॉस खोलून साफ करा. कामाच्या दिवशी तुटण्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी खोललेला बरा.

ग्रीस म्हणजे नक्की काय?

आपले आजोबा बैलगाडीच्या आखाला वंगण घालायचे. गाडीखाली नळकांडं लटकलेलं असायचं. काम तेच, लोखंडावर लोखंड घासू नये.

ग्रीसमध्ये मुख्य माल तेलच असतो. त्यात तेल धरून ठेवणारा एक घट्ट पदार्थ मिसळतात, त्याला साबण म्हणतात. अंघोळीचा नाही हं. स्पंजमध्ये पाणी राहतं तसं साबणात तेल राहतं. दाब आला, गरम झालं की थोडं थोडं तेल सुटतं आणि वंगण होतं. आणि हे सगळं जागेवर राहतं, नुसत्या तेलासारखं वाहून जात नाही. म्हणून जिथे तेल टिकत नाही तिथे ग्रीस.

यावरून एक गोष्ट कळते. कडक झालेलं, सुकलेलं ग्रीस म्हणजे तेल निघून गेलेला स्पंज. ते दिसतं ग्रीससारखं, पण वंगण करत नाही, उलट वाट अडवतं.

डब्यावर काय वाचायचं?

रंग वाचायचा नाही. हिरवं, निळं, लाल हा कंपनीने घातलेला रंग आहे. एका कंपनीचं निळं आणि दुसरीचं निळं आतून पूर्ण वेगळं असू शकतं. चार गोष्टी वाचा.

पहिली, नंबर. एन.एल.जी.आय. नंबर लिहिलेला असतो, म्हणजे ग्रीस किती घट्ट. तीन शून्यांपासून सहापर्यंत तो जातो. तीन शून्य म्हणजे जवळपास तेलासारखं पातळ, सहा म्हणजे साबणाच्या वडीसारखं कडक. मोजतात कसं, तर २५ अंश तापमानाला ग्रीसमध्ये एक ठरावीक वजनाचा शंकू पाच सेकंद सोडतात आणि तो किती खोल गेला ते बघतात. दोन नंबरमध्ये तो साधारण साडेसव्वीस ते साडेएकोणतीस मिलिमीटर जातो. आपल्या भाषेत, दोन नंबर म्हणजे घट्ट लोणी. ट्रॅक्टरच्या निप्पलांसाठी बहुतेक मॅन्युअल दोन नंबरच सांगतात. आपल्याकडे तीन नंबरही खूप विकलं जातं. ते जास्त घट्ट असतं, त्यामुळे थंडीत हाताच्या पंपाने बारीक वाटेतून ढकलायला जड जातं. क्रॉससारख्या ठिकाणी मी दोन नंबरच वापरतो.

दुसरी, साबण कुठला. लिथियम सगळ्यात जास्त मिळतं आणि मिनी ट्रॅक्टरच्या बहुतेक जागांना चालतं. लिथियम कॉम्प्लेक्स त्याच्याहून जास्त उष्णता सोसतं. साधं लिथियम साधारण १८० अंशांच्या पुढे वितळायला लागतं, कॉम्प्लेक्स २५० च्या आसपास टिकतं. म्हणून चाकाच्या बेअरिंगला, जिथे ब्रेकची उष्णता येते, तिथे कॉम्प्लेक्स बरं. साधं कॅल्शियम ग्रीस पाण्याला चांगलं पण उष्णतेला कच्चं. कॅल्शियम सल्फोनेट पाणी, गंज, दाब सगळ्याला भारी, पण महाग. कोकणात भाताच्या चिखलणीला रोटाव्हेटर पाण्यात चालवणाऱ्यांना तो खर्च परवडू शकतो.

तिसरी, 'ई.पी.' ही अक्षरं. म्हणजे जास्त दाब सोसणारं. पुढच्या एक्सलची पिन, किंगपिन, क्रॉस, इथे भार मोठा आणि हालचाल छोटी. तिथे ई.पी. हवंच.

चौथी, मोलि. काळपट राखाडी ग्रीस. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडची बारीक पूड असते. सावकाश घासणाऱ्या पिनांना ते छान. पण वेगाने फिरणाऱ्या बेअरिंगला मॅन्युअलमध्ये सांगितलं असेल तरच वापरा.

थोडक्यात, घरात एकच डबा ठेवायचा असेल तर लिथियम किंवा लिथियम कॉम्प्लेक्स, ई.पी., दोन नंबर. आणि तुमच्या ट्रॅक्टरच्या मॅन्युअलमध्ये वेगळं लिहिलं असेल तर माझं नाही, मॅन्युअलचं ऐका.

आणि हो, दोन वेगळ्या जातीची ग्रीस मिसळू नका. लिथियममध्ये पॉलियुरिया मिसळलं तर बऱ्याचदा दोन्ही बिघडतात. एक तर पातळ होऊन वाहून जातं, नाहीतर कडक होतं. ग्रीस बदलायचंच असेल तर जुनं पूर्ण बाहेर येईपर्यंत नवीन मारा, आणि पुढचे एक-दोन वेळा ग्रीसिंग लवकर करा.

कुठे कुठे मारायचं?

ट्रॅक्टरभोवती एकाच दिशेने फिरायचं, म्हणजे काही सुटत नाही. पुढून सुरुवात : एक्सलची मधली पिन, दोन्ही बाजूंचे किंगपिन, स्टिअरिंगच्या जोडांना निप्पल असेल तर ते. मग क्लच आणि ब्रेक पेडलचा दांडा. मग मागे, थ्री पॉइंट लिंकेजचे लिफ्ट रॉड. शेवटी पीटीओ शाफ्टचे दोन्ही क्रॉस, आणि शाफ्टच्या एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. या नळ्या लोक हमखास विसरतात. त्या सुकल्या की शाफ्ट नीट सरकत नाही, आणि वळताना सगळा धक्का ट्रॅक्टरच्या पीटीओ बेअरिंगवर येतो. तिथला खर्च क्रॉससारखा छोटा नसतो.

बऱ्याच फोर व्हील मिनी ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलच्या आत गिअर असतात आणि त्यात ऑइल असतं. तिथे ग्रीस नाही, ऑइलची पातळी बघायची.

किती आणि कधी?

साधारण नियम : ट्रॅक्टरचे निप्पल दर ५० तासांनी, पीटीओचे क्रॉस दर आठ-दहा तासांनी, म्हणजे कामाच्या दिवसांत रोज. चिखलात, पाण्यात काम असेल तर सगळंच रोज. आणि ट्रॅक्टर धुतल्यानंतर नक्की, कारण प्रेशरचं पाणी सांध्यात शिरतं आणि नवीन ग्रीस ते बाहेर ढकलतं.

किती? पिन आणि क्रॉसला, नवीन ग्रीस कडेला दिसेपर्यंत. बंद, सील असलेल्या बेअरिंगला निप्पल असेल तर एक-दोन पंप पुरे, नाहीतर सील फुटतं. क्लचच्या रिलीज बेअरिंगला बाहेरून निप्पल असेल तर तिथे हात फार आखडता घ्या. जास्तीचं ग्रीस क्लच प्लेटवर गेलं की क्लच घसरायला लागतो, आणि मग ट्रॅक्टर मधून उघडावा लागतो. बेल्ट, ब्रेक लायनर, रबरी बुश, यांना ग्रीस लावायचंच नाही.

मारायची पद्धत

एक, निप्पल आधी फडक्याने पुसा. न पुसता पंप लावला तर निप्पलवरची माती तुम्हीच आत ढकलता. माती आणि ग्रीस मिळून घासायची पेस्ट तयार होते.

दोन, पंप भरताना आत हवा राहते. रिकामे एक-दोन पंप मारून ग्रीस सलग येतंय का बघा.

तीन, पुढच्या एक्सलच्या मधल्या पिनेवर ट्रॅक्टरचा भार असतो. भार असलेल्या बाजूला ग्रीस जात नाही, मोकळ्या बाजूने बाहेर येतं. म्हणून अधूनमधून मागच्या चाकांना दगड लावून, चेसीखाली जॅक देऊन पुढचा भाग थोडा उचला, खाली लाकडी ठोकळे ठेवा, आणि एक्सल सैल असताना ग्रीस मारा. जॅकवर असलेल्या ट्रॅक्टरखाली शिरू नका.

चार, निप्पल घेतच नसेल तर जोर करू नका. निप्पल काढा, डिझेलने धुवा, नाहीतर नवीन बसवा. काही रुपयांची वस्तू आहे. अडकलेल्या निप्पलवर बोट ठेवून पंप मारू नका. हाताच्या पंपातही दाब इतका असतो की ग्रीस कातडीत शिरू शकतं. बाहेरून टाचणी टोचल्यासारखं दिसतं, आतून बोट जाऊ शकतं. असं झालं तर वाट न बघता थेट दवाखान्यात.

आणि शेवटची, सगळ्यात महत्त्वाची. इंजिन बंद, किल्ली खिशात, मगच पीटीओजवळ हात. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचं टोक, ओढणी, शर्टाची बाही गुंडाळली गेली तर माणसाला ओरडायलाही वेळ मिळत नाही. "चालू ठेव, फिरताना ग्रीस चांगलं बसतं" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. आणि ग्रीसिंगसाठी काढलेलं शाफ्टचं प्लास्टिक कव्हर पुन्हा बसवल्याशिवाय सेल्फ मारू नका.

फोनचा उपयोग

तुमच्यातले बहुतेक जण हे फोनवर ऐकताय, तर एक सवय सांगतो. ग्रीस मारलं की ट्रॅक्टरच्या तासमीटरचा फोटो काढायचा, बस्स. फोटोला तारीख आपोआप असते. पुढच्या वेळी मागचा फोटो बघा, किती तास झाले ते लगेच कळतं. घरात दोघं-तिघं ट्रॅक्टर चालवत असतील तर फोटो घरच्या ग्रुपवर टाका. "तू मारलं असशील असं वाटलं" हे वाक्य बंद होतं.

आमच्याकडे त्या वर्षापासून हेच चालू आहे. मिस्त्रीने उघडलेला तो क्रॉस मी घरी आणला होता, नानांना दाखवायला. तीन टोप्या ओल्या, एक कोरडी. त्यांनी ती लाल भुकटी बोटावर घेऊन बघितली आणि म्हणाले, "म्हणजे तू मारलं होतंस." मला तेवढं पुरलं. आता फवारणीच्या आदल्या संध्याकाळी ते बॅटरी धरतात, मी पंप मारतो, आणि ते टोप्या मोजतात. एक, दोन, तीन, चार. चौथी दिसल्याशिवाय आम्ही जेवायला जात नाही.

चला, आज इतकंच. तुमच्या ट्रॅक्टरचा कुठला निप्पल सापडत नसेल किंवा ग्रीसच घेत नसेल तर व्हॉइस मेसेज पाठवा, पुढच्या भागात घेऊ. आणि हे ऐकून झालं की एकदा गोठ्यामागे जाऊन शाफ्टच्या त्या नळ्या सरकवून बघा. सरकल्या तर उत्तम. नाही सरकल्या, तर आजच्या संध्याकाळचं काम तुम्हाला मिळालं.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.