पाण्याखाली डोक्यावर छप्पर असतं तेव्हा

ज्यांना ऐकायला जमत नाही, एसटीत रेंज जाते, हेडफोनची एक बाजू गेलीय, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही टाकतोय. बोललोय तसंच ठेवलंय, फार साफसूफ केलेली नाही.

ती क्लिप तुम्ही पाहिली असणार. व्हॉट्सॲपवर दर दोन वर्षांनी फिरून येते. बुडालेल्या बोटीत एक पाणबुड्या गढूळ अंधारात चाचपडत चाललाय. समोर पाण्यात एक हात दिसतो. त्याला वाटतं, आणखी एक मृतदेह. तो हात धरायला जातो, आणि तो हातच याला पकडतो! खाली कुणीतरी ‘चमत्कार’ लिहितं, आपण हात जोडलेला इमोजी टाकतो आणि पुढं पाठवतो.

मला चमत्कारापेक्षा हिशोबात जास्त रस आहे. कोडिंग करून पोट भरणाऱ्या माणसाची खोड म्हणा. हा माणूस इतके तास जगला कसा, हे मी शोधायला लागलो आणि त्यात बरेच रविवार गेले.

माणसाचं नाव हॅरिसन ओकेने. वय तेव्हा 29, म्हणजे माझ्याच आसपासचं. नायजेरियाच्या किनाऱ्यापासून साधारण तीस किलोमीटरवर जॅस्कॉन-4 नावाची टग बोट होती, त्यावर हा स्वयंपाकी. 26 मे 2013 ची पहाट. हा उठून टॉयलेटला गेला होता, अंगावर फक्त हाफ चड्डी. एक मोठी लाट आली आणि बोट उलटी झाली. बोटीवर बारा जण. तिकडं समुद्री चाच्यांची भीती, म्हणून बरेच जण रात्री आतून कड्या लावून झोपायचे. चोराला बाहेर ठेवणारी कडी पाण्याच्या वेळी उलटी पडली. बारातला हा एकटाच वाचला.

बोट उलटी होऊन तीस मीटरवर तळाला टेकली. अंधारात पाण्यासोबत ढकलला जात ओकेने एका खोलीत पोहोचला. तिथं वरच्या बाजूला हवा अडकून राहिली होती, साधारण चार फूट उंचीची. त्यानं चाचपडून गाद्या मिळवल्या, त्यांचा ढीग करून वर बसला, म्हणजे निदान अर्धं अंग तरी पाण्याबाहेर. हातात काय, तर कोकची एक बाटली. अशा अवस्थेत जवळपास साठ तास. परभणीहून शुक्रवारी रात्री निघून रविवारी रात्री परत आलात, तरी साठ तास होत नाहीत.

आता त्याला हवा कशी पुरली? पहिली गोष्ट, तीस मीटर खोलीवर दाब वरच्या चौपट असतो. म्हणजे त्या छोट्या जागेत वरच्या हिशोबानं चौपट हवा दाबून भरलेली. दुसरी गोष्ट जास्त मजेशीर आहे. बंद जागेत माणसाला ऑक्सिजन संपण्याआधी त्यानं स्वतः सोडलेला कार्बन डायऑक्साइड गाठतो. तो वाढला की डोकं दुखतं, धाप लागते, भ्रम होतो, शुद्ध जाते. पण कार्बन डायऑक्साइड थंड पाण्यात विरघळतो, आणि ओकेनेच्या भोवती पाणीच पाणी. जे पाणी त्याला गारठवून मारायला बसलं होतं, तेच त्याची हवा थोडीथोडी धूतही होतं.

सापडल्यावरही त्याला सरळ वर आणता आलं नाही. दाबाखाली इतके तास श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत मुरतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण झटकन उघडलं की काय होतं? तेच शरीरात होतं, आणि माणूस मरू शकतो. म्हणून पाणबुड्यांनी आधी गरम पाण्यानं त्याला ऊब दिली, मास्क लावला, मग हेल्मेट चढवलं, डायव्हिंग बेलमध्ये बसवून वर घेतलं आणि तिथून दाबाच्या खोलीत ठेवलं. त्या खोलीत दाब हळूहळू उतरवत आणखी अडीच दिवसांच्या आसपास. म्हणजे पाण्याखाली जेवढा अडकला, जवळपास तेवढाच बाहेर येऊनही.

तुम्ही म्हणाल, भाऊ, तू पोखर्णीचा. परभणी–परळी लाईनवरचं, नृसिंहाचं पोखर्णी. तुझा समुद्राशी काय संबंध? खरंय. रस्त्यानं शेकडो किलोमीटरवर समुद्र. आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत, पाठीला रिकामा डबा बांधून. काका वरून ढकलायचे आणि काठावर बिडी ओढत बसायचे. पण विहिरीत एक सोय असते जी तेव्हा कळत नाही. कितीही खोल गेलात, घाबरलात, नाकातोंडात पाणी गेलं, तरी वर पाहिलं की उजेडाचा गोल दिसतो. पाय मारले की सुटलात. समुद्रात साधं स्कूबा करतानाही वरची वाट मोकळी असते, फक्त सावकाश यायचं असतं. बुडालेल्या जहाजाच्या आत मात्र डोक्यावर छप्पर आहे. वर जायचं असेल तर आधी आडवं जावं लागतं, आलात त्याच दारातून. आणि ते दार दिसत नाही.

का दिसत नाही? जहाजात वर्षानुवर्षांचा गाळ आणि गंज साठलेला असतो. एक फिन जरा जोरात मारला, की पिठाचा डबा पंख्याखाली उपडा केल्यासारखं होतं. टॉर्च लावला तर नुसतं पांढरं. सोडलेल्या बुडबुड्यांनीसुद्धा छताचा गंज सुटून खाली येतो. जहाज आडवं पडलेलं असेल तर भिंत म्हणजे जमीन, जमीन म्हणजे भिंत, डोक्यातला नकाशा बाद. म्हणून या कामातले लोक आत जाताना दोरी सोडत जातात आणि येताना ती बोटांत धरून येतात. डोळे बंद असले तरी चालतं.

याचं सगळ्यात अंगावर येणारं उदाहरण म्हणजे यू-869 ही जर्मन पाणबुडी. दुसऱ्या महायुद्धातली, 1991 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्याबाहेर साधारण सत्तर मीटरवर सापडली. कोणती पाणबुडी आहे तेच कुणाला माहीत नव्हतं. ते शोधण्याच्या नादात तीन डायव्हर गेले. त्यात ख्रिस राऊस आणि त्याचा मुलगा ख्रिसी, ऑक्टोबर 1992. मुलगा आत काहीतरी अंगावर पडून अडकला. बापानं त्याला सोडवलं. दोघं पाणबुडीतून बाहेरही आले! पण त्यात वेळ आणि हवा गेली, बाहेर ठेवलेले जादा सिलेंडर सापडेनात, म्हणून थांबे न घेता थेट वर आले. सोड्याची बाटली. दोघंही वाचले नाहीत.

त्याच पाणबुडीत 1997 मध्ये जॉन चॅटरटन गेला. आतली फट इतकी अरुंद की पाठीवर सिलेंडर घेऊन जाताच येत नव्हतं. हा एकच सिलेंडर हातात पुढं धरून घुसला. परत येताना वायरींत अडकला. सुटला तेव्हा हवा संपत आली होती, शेवटचं अंतर श्वास रोखून कापलं आणि बाहेर ठेवलेल्या जादा सिलेंडरपर्यंत पोहोचला. त्या वेळी काढलेल्या पेटीवरच्या पट्टीवर पाणबुडीचा नंबर निघाला, म्हणून आज आपण तिला यू-869 म्हणतो. हे धाडस करावं का, यावर माझं मत विचाराल तर, नाही. एका नंबरासाठी नाही. पण वायरींत अडकलेला माणूस ओढाताण न करता एकेक वायर सोडवतो, ही गोष्ट मात्र बघण्यासारखी आहे.

कारण आता हिशोब बघा. फोनवर कॅल्क्युलेटर उघडा हवं तर.

बारा लिटरचा सिलेंडर, दोनशे बार दाबानं भरलेला. म्हणजे 2400 लिटर हवा. शांत माणूस वर जमिनीवर मिनिटाला वीस लिटर घेतो असं धरू. दोन तास पुरेल. तीस मीटरवर दाब चौपट, म्हणून प्रत्येक श्वासात चौपट हवा जाते. मिनिटाला ऐंशी लिटर. दोन तासांचा झाला अर्धा तास. आता तो घाबरला, श्वास तिप्पट झाला. मिनिटाला 240 लिटर. अर्ध्या तासाची झाली दहा मिनिटं! सिलेंडर तोच, माणूस तोच.

जहाजात जाणारे तीन भागांचा नियम पाळतात. एक भाग हवा जायला, एक यायला, एक अडचणीसाठी राखीव. आपल्या आकड्यांत, 800 लिटर संपले की मागं वळायचं, म्हणजे दहा मिनिटं आत गेलात. हातात 1600 लिटर, बाहेर यायला लागणार 800. दुप्पट शिल्लक, झकास वाटतं ना? पण नेमक्या त्याच जागी गाळ उडाला, दोरी हातातून सुटली, श्वास तिप्पट झाला. 1600 भागिले 240. साडेसहा मिनिटांच्या थोडं वर. आणि दार दहा मिनिटांवर.

‘घाबरू नको’ हे वाक्य लहानपणापासून ऐकत आलोय, मला ते कायम उपदेश वाटायचं. इथं ते लिटरमध्ये मोजता येतं. म्हणून ट्रेनिंगमध्ये एकच गोष्ट घोटून घेतात. काही बिघडलं की आधी थांब, जागेवर काहीतरी धर, एक लांब श्वास सोड, आणि मग ठरव. श्वास सोडण्यावर भर, कारण घाबरलेला माणूस वरवर घेत राहतो, आत कार्बन डायऑक्साइड साठतो, आणि तोच आणखी घाबरवतो. आमच्या भाषेत, इन्फिनिट लूप.

आपल्याकडं हा विषय लांबचा राहिलेला नाही. मे 2021 मध्ये तौक्ते वादळात मुंबईपासून दूर समुद्रात पी-305 हा बार्ज बुडाला, त्यावर 261 माणसं होती. सत्तरहून जास्त गेली. जी वाचली, त्यांतली बरीच लाइफ जॅकेट घालून उसळत्या पाण्यात तासन्‌तास तरंगत राहिली, नौदलाच्या जहाजांनी त्यांना उचललं. त्यांच्या डोक्यावर वादळ होतं, पण छप्पर नव्हतं.

आणि दुसरं, ज्यामुळं हा भाग केला. नौदलाची गुलदार ही युद्धनौका जानेवारी 2024 मध्ये निवृत्त झाली. ती सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची सरकारची योजना आहे. कल्पना मला आवडते. जहाजावर प्रवाळ धरतात, मासे येतात, गावातल्या पोरांना काम मिळतं. पण एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली, “दादा, आम्ही चौघं मालवणला जाणार आहोत, पुढच्या वेळी थेट युद्धनौकेच्या आत जाऊन रील करायची. एकाला पोहता येत नाही, चालतंय का?”

तर मित्रा, मालवण-तारकर्लीला जी पहिल्यांदाची डाइव्ह असते, तिला पोहता यायची गरज नाही. ती उथळ असते, प्रशिक्षक तुला धरून असतो. मी केलीय, मस्त असते. जाण्याआधी इतकं विचार: प्रशिक्षकाचं सर्टिफिकेट कोणतं, एका प्रशिक्षकामागं किती माणसं, बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि काही झालं तर जवळचं हॉस्पिटल कोणतं. उत्तर द्यायला जो कंटाळतो त्याच्याकडं पैसे भरू नको. सर्दी असेल तर त्या दिवशी नकोच, कान जातील. दमा असेल तर आधी डॉक्टर. डाइव्ह झाल्यावर किमान बारा तास विमान नको, जास्त डाइव्ह केल्या तर अठरा.

जहाजाच्या आत जाणं हे वेगळं शिक्षण आहे. आधी साधा कोर्स, मग पुढचा, मग बऱ्याच डाइव्ह, मग जहाजाचा कोर्स. तोवर बाहेरून बघ. रील बाहेरूनही चांगली येते, उलट उजेड जास्त असतो.

ओकेनेचं पुढं काय झालं ते राहिलंच. समुद्राच्या जवळ जाणार नाही असं त्यानं ठरवलं होतं. नंतर त्यानं रीतसर ट्रेनिंग घेतलं आणि 2015 मध्ये तो व्यावसायिक पाणबुड्या झाला. मग तो स्वतः कामासाठी पाण्याखाली जायला लागला.

पुढच्या भागात दाबाच्या खोल्या, म्हणजे डिकंप्रेशन चेंबर, आत नेमकं काय चालतं ते. प्रश्न असतील तर व्हॉइस नोट टाका, एका मिनिटाच्या आत ठेवा राव. चला, भेटू.