चूल कोणत्या विषयात येते?

(स्त्री-संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या वस्तीतल्या मुली बारावी होऊन कॉलेजात जायला लागल्या आहेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने ‘मेजर’, ‘मायनर’ हे शब्द त्यांच्या तोंडी आणले. महाराष्ट्रात हे स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झालं. माणसाचं स्वास्थ्य आणि पर्यावरण एकत्र शिकवणारा आंतरविद्याशाखीय विषय मेजर म्हणून घेता येतो का, घ्यावा का, असं मुली विचारतात. नोकरीची हमी मी देत नाही. पण हा विषय आपला कसा, ते सांगते.

मी एम.एस.डब्ल्यू. केलं. व्यक्तिसहाय्य, गटकार्य, समुदाय संघटन सगळं शिकले. खोकणारी बाई समोर आली की तिच्याशी कसं बोलायचं हे मला शिकवलं होतं. तिच्या चुलीबद्दल मात्र दोन वर्षांत एक तासही नव्हता. चूल कुणाच्याच विषयात नव्हती! सरपण वनखात्याचं, धूर डॉक्टरांचा, चुलीचा आकार इंजिनिअरचा, गॅसचा दर अर्थशास्त्राचा. आणि फुंकणी हातात कुणाच्या, हा प्रश्न स्त्री-अभ्यास केंद्राचा, तेही असलंच तर. बाईच्या अंगात मात्र हे सगळं एकाच वेळी जातं.

कर्क स्मिथ हा अमेरिकन संशोधक भौतिकशास्त्र शिकून सार्वजनिक आरोग्याकडे वळला होता. त्याने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या अंगावरच हवा मोजणारी उपकरणं बांधली. तो अभ्यास १९८३ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी प्रदूषण म्हणजे गिरणीचं धुराडं आणि शहरातल्या मोटारी. यंत्र चौकातल्या खांबावर न लावता बाईच्या अंगावर लावलं, तेव्हा कळलं की ती ज्या हवेत भाकरी थापते ती शहराच्या हवेपेक्षा कितीतरी पट वाईट आहे. नुसत्या डॉक्टरला किंवा नुसत्या भौतिकशास्त्रज्ञाला हे सुचलं असतं का, मला शंका आहे.

पण विषय एकत्र आले म्हणून बाई विचारात येतेच असं नाही. त्याच सुमारास सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम काढला. तो २००२ पर्यंत चालला. कोट्यवधी चुली बांधल्या, मोजल्या आणि त्यातल्या अनेक बंद पडल्या. वयस्क बाया सांगतात, तोंड लहान, मोठं लाकूड जात नाही, भाकरी आराला लावता येत नाही, तडा गेला तर लिंपायचं कसं ते सांगायला कुणी फिरकत नाही. पुढे २०१६ साली उज्ज्वला आली. जोडणी बाईच्या नावावर, हे चांगलंच झालं. पण सिलिंडर संपला की पैसे कुणाच्या खिशातून काढायचे? म्हणून घरात गॅस आहे आणि आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं.

सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण शिक्षण सक्तीचं करा म्हटलं. पुढे प्रत्येक पदवीला सहा महिन्यांचा पर्यावरणाचा विषय आला. त्याचं काय झालं ते तुम्ही जाणताच. आदल्या रात्री उतरवलेली प्रकल्पाची वही! नव्या मेजरचं तसं होऊ नये असं वाटत असेल तर आपण आत्ताच बोललं पाहिजे. कारण नव्या रचनेत क्षेत्र-प्रकल्प आणि समुदाय-सहभाग यांना श्रेयांक आहेत, आणि ते मिळवायला विद्यार्थी आपल्याच वस्त्यांत येणार आहेत. येऊ द्यात. पण प्रश्नावली छापण्याआधी गटाला दाखवा, मोजलेले आकडे आमच्या भाषेत परत आणून द्या, आणि मजुरी बुडवून बसणाऱ्या बाईला तिच्या वेळेचे पैसे द्या, हे महाविद्यालयाकडून लेखी घ्यायचं. श्रेयांक त्यांना आणि नुसता चहा आपल्याकडून, असं किती दिवस?

आणखी एक. या पदवीत एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. अडचणीतल्या मुलीला ही सोय वाटेल. मला त्यात स्थळ बघायला आलेली माणसं दिसतात. ‘कागद मिळाला ना, आता पुरे.’ मुलगा मात्र तीन नाहीतर चार वर्षं पुरी करेल. कोणत्या वर्षी किती मुली बाहेर पडल्या, त्यांतल्या किती परत आल्या, हे आपापल्या तालुक्यात लिहून ठेवायला या जूनपासून सुरुवात करू या. कोण कोणत्या महाविद्यालयात जाणार, ते जेवणानंतरच्या बैठकीत ठरवू.