पाठीतल्या सुईची भीती

मज्जारज्जू ही करंगळीएवढी जाड, सुमारे 45 सेंटिमीटर लांबीची दोरी. तिच्यातून नसांच्या 31 जोड्या निघतात. चटका बसताच हात मागे येतो, तो हुकूम मेंदूचा नव्हे, तिचाच! परंतु मोठ्या माणसात ती कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते. खाली पाण्यात लोंबतात त्या सुट्या नसा. लहानग्यांत ती थोडी खाली उतरते, म्हणून डॉक्टर सुईही आणखी खालीच टोचतात. तेव्हा मेंदूज्वराचा संशय असता 'पोर लुळे होईल' म्हणून पाणी काढण्यास नकार देऊ नका. जंतू कोणता, औषध कोणते, हे त्या पाण्यावरूनच ठरते. सुईनंतर कधीकधी पाठ किंवा डोके दुखते. उपचार लांबले तर मूल कायमचे बहिरे होऊ शकते, दगावूही शकते.